उपज पकडण्याची गोष्ट

ख्याल गाणाऱ्यांच्या बोलीत 'उपज' असा एक शब्द आहे. शेतात पीक यावे तशी गळ्यात त्या क्षणी जी जागा उगवते, ती उपज. ती आधी ठरवलेली नसते, घोकलेली नसते, आणि पुष्कळदा खुद्द गाणाऱ्यालाही ती दुसऱ्यांदा तशीच सापडत नाही. मैफलीत तिला दाद मिळते आणि ती विरून जाते. पण जाणकारांचे म्हणणे असे की, खरी उपज मैफलीपेक्षा घरात, पहाटेच्या रियाजात, कोणी ऐकत नसताना अधिक येते. मैफलीत खाँसाहेबांना आपली आणि घराण्याची अब्रू सांभाळायची असते. घरात चुकण्याची मोकळीक असते, आणि चुकता चुकताच एखादी वाट अचानक उघडते.

ही घरातली उपज धरून कशी ठेवायची? आज एखाद्या लहान खोलीत संगणक, मायक्रोफोन आणि कानांवर हेडफोन चढवून बसलेल्या तरुणाला हा प्रश्न पडतो, तेव्हा तो यंत्रयुगाचा प्रश्न आहे असे त्याला वाटते. वस्तुतः आपल्या संगीतात या प्रश्नाला निदान तीनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात ज्यांची उपज निसटली, ज्यांची पकडली गेली, ज्यांनी ती पकडू दिली नाही, अशी बहुसंख्य माणसे मुसलमान आहेत.

मराठीत संगीतावर जे लिहिले गेले त्यात एक आरोप वारंवार भेटतो. उस्ताद निरक्षर होते, कंजूष होते, विद्या दडवून ठेवत. ती पंडितांनी लिहून काढली म्हणून वाचली, असा तो आरोप. त्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. खास चिजा मुला-जावयांसाठी राखून ठेवणारे, परक्या शागिर्दाला वर्षानुवर्षे एकाच रागात घोळवणारे खाँसाहेब होते. मुलीच्या लग्नात बंदिशी आंदण दिल्याच्या हकिकती घराण्याघराण्यांतून सांगितल्या जातात. परंतु लपवणे ही एक गोष्ट आहे आणि जे धरताच येत नाही ते देता न येणे ही दुसरी. या दोन्हींची गल्लत करून एका सबंध बिरादरीवर कंजूषपणाचा शिक्का मारला गेला. तो कितपत योग्य आहे, हे उपज पकडण्याच्या साधनांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

पहिले साधन म्हणजे शागिर्द. तालमीच्या वेळी उस्ताद एक जागा घेतात, शागिर्द ती परत म्हणतो. मैफलीत तोच शागिर्द मागे तंबोरा घेऊन बसतो, उस्तादांचा दम संपेल तिथे आवाजाची साथ देतो आणि सगळे कानांत साठवतो. तो त्या काळचा ध्वनिमुद्रक होता म्हणायला हरकत नाही. मात्र या मुद्रकाला एक मर्यादा होती. त्याच्या गळ्यात जेवढे मावेल तेवढेच तो ठेवून घेई. उरलेले सांडून जाई. शिवाय जे ठेवले तेही त्याच्या गळ्याच्या घडणीप्रमाणे थोडे बदलून बाहेर येई. आजच्या भाषेत याला दोष म्हणता येईल. पण घराणी वाढली ती या दोषामुळेच. आग्र्याच्या दोन गवयांचे एकच राग गाणे तंतोतंत सारखे असते, तर दुसऱ्याला ऐकायला कोण गेले असते?

दुसरे साधन बंदिश. बंदिश म्हणजे नुसते गीत नव्हे. रागाची एखादी अनवट वाट सापडली की ती मुखड्यात गुंफायची, तालाच्या खिळ्यावर टांगायची, चार शब्द द्यायचे, म्हणजे ती विसरली जात नाही. शब्द बहुधा साधेच असतात, कारण त्यांचे काम कविता होण्याचे नसून स्वर धरून ठेवण्याचे असते. ज्या समीक्षकांनी ख्यालाच्या शब्दांना काव्यदृष्ट्या निकृष्ट ठरवले, त्यांनी डबीवरची नक्षी पाहिली आणि आतले अत्तर हुंगलेच नाही. मुहम्मदशहा 'रंगीले' याच्या दरबारातील (१७१९ ते १७४८) बीनकार नियामत खाँ यांनी 'सदारंग' या नावाने बांधलेल्या बंदिशी आजही गायल्या जातात. त्यांच्या बीनेचा एक स्वरही आपल्याला ऐकता येत नाही. पण त्यांना रागात काय दिसले होते ते या बंदिशींत शिल्लक आहे. बंदिशीत स्वतःचे नाव गुंफण्याची, म्हणजे 'छाप' घालण्याची रीत पुढे टिकली. फैयाज खाँ 'प्रेमपिया' झाले, विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया' झाले, बडे गुलाम अली खाँ 'सबरंग' झाले. कायदा, कचेरी, नोंदणी यांपैकी काहीही नसताना मालकीची सही गाण्याच्या आतच करून ठेवण्याची ही युक्ती होती.

मेरुखंडाचा उल्लेखही येथे केला पाहिजे, कारण तो उपजेच्या बरोबर उलट दिशेने जातो. सात स्वर एकेकदाच घेऊन त्यांची किती प्रकारे मांडणी होईल? पाच हजार चाळीस. या मांडण्या क्रमाने गळ्यात घोटायच्या, म्हणजे आयत्या वेळी अनपेक्षित स्वरसमूह आपोआप सुचतो. इंदूरचे सारंगीवादक शाहमीर खाँ यांनी आपल्या मुलाला, म्हणजे अमीर खाँ यांना, हा अभ्यास करवला. अमीर खाँ यांच्या आलापीत एखादा तुकडा कुठून आला ते कळत नाही, आणि तरी तो रागाबाहेर जात नाही, याचे एक कारण हा गणिती रियाज आहे. म्हणजे उस्तादांची उपज ही अडाण्याची लहर होती असे मानणाऱ्यांनी हे पाच हजार चाळीस प्रकार एकदा नुसते मोजून पाहावेत.

तिसरे साधन कागद. इथे आरोपकर्त्यांचा मुख्य मुद्दा येतो, आणि इथेच तो अडखळतो. भिवानीकडून आलेले मौलाबक्ष (१८३३ ते १८९६) बडोद्याला स्थिरावले. सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये तिथे संगीतशाळा निघाली, तिची सूत्रे त्यांच्या हाती होती. ते कर्नाटक संगीतही शिकले होते. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली आणि तिच्या आधाराने शाळेत शिकवले, पुस्तकेही काढली. ही गोष्ट विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढण्याच्या पंधरा वर्षे आधीची, आणि पं. भातखंडे यांचे ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागण्याच्याही बरीच आधीची आहे. एक मुसलमान उस्ताद चार भिंतींच्या शाळेत फळ्यावर स्वर लिहून शिकवत होता. तरी शालेय पुस्तकांतून स्वरलेखनाचे श्रेय दोनच नावांत वाटले जाते. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ पुढे सूफी विचार घेऊन युरोप-अमेरिकेत गेले म्हणून त्या घराचे नाव परदेशात टिकले. आपल्याकडे त्यांच्याविषयी मराठीत वाचायचे म्हटले तर शोधावे लागते.

भातखंडे यांच्या कामाचे मोल मात्र कमी लेखून चालणार नाही. १८६० साली जन्मलेल्या या मुंबईच्या वकिलाने हिंदुस्थानभर हिंडून उस्तादांकडून चिजा गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या मराठीतून छापल्या. त्या नसत्या तर शेकडो बंदिशी आज नावालाही उरल्या नसत्या. त्यांच्या शोधातला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. जयपूरचे मुहम्मद अली खाँ यांच्या घराण्यातील शेकडो चिजा त्यांनी खाँसाहेबांच्या मुलांकडून, आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून, फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. फोनोग्राफ आणि ग्रामोफोन यांत आपण आज फरक करत नाही, पण तो मोठा होता. एडिसनच्या फोनोग्राफवर मेणाच्या नळकांड्यावर घरबसल्या आवाज भरताही येई आणि ऐकताही येई. ग्रामोफोनवर मात्र कंपनीने भरलेली तबकडी फक्त ऐकायची. म्हणजे भातखंड्यांचा फोनोग्राफ हा आपल्याकडच्या घरगुती स्टुडिओचा पूर्वज ठरतो, आणि त्यात पहिल्यावहिल्यांदा गाणारे गळे उस्तादांच्या घरातले होते.

त्या नळकांड्यांवरून चिजा कागदावर आल्या. कागदावर स्वर आला, ताल आला, शब्द आले. मींड किती लांब ओढायची, आंदोलन किती हलवायचे, गंधार किती उतरलेला ठेवायचा, हे आले नाही, आणि उपज तर येणेच शक्य नव्हते. पुढे परीक्षार्थींसाठी छापील आलाप आणि छापील ताना आल्या. आजही संगीताच्या परीक्षांना बसणारी मुले लिहिलेल्या सोळा-सोळा मात्रांच्या ताना पाठ करून म्हणतात. त्या कधीकाळी कोणाच्या तरी गळ्यात सहज उगवलेल्या असतील. वहीत त्या वाळलेल्या फुलासारख्या राहतात. उस्ताद कागदाला बिचकत होते यामागे अज्ञान होते तसेच हे ज्ञानही होते, असे मला वाटते. लिहिलेले म्हणजेच खरे असा समज एकदा रुजला की, न लिहिता येणारे आपोआप खोटे ठरते, हे त्यांना दिसत असावे.

मग तबकडी आली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे भरले. गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत आपले नाव सांगितले, कारण मुद्रणाची मेणाची पाटी जर्मनीत हॅनोवरला जायची आणि तिथल्या कामगारांना चिठ्ठी कोणती चिकटवायची ते कळावे. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच सियालदहला कारखाना निघाला. १९२५ नंतर विजेवरचे मुद्रण आले; तोवर कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. किराणा पद्धतीच्या अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तनच मिनिटभर चालू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे उपजेला किती जागा उरली ते समजते.

असे असूनही ज्यांनी या कोंडीतून वाट काढली त्यांत अब्दुल करीम खाँ यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. १८७२ मध्ये कैराना येथे जन्म, बडोद्यात उमेदीचा काळ, बेळगावला १९१० मध्ये काढलेले आर्य संगीत विद्यालय, आणि शेवटी मिरज. त्यांनी १९०५ च्या सुमारास आणि नंतर १९३० नंतरच्या दशकात तबकड्या दिल्या. नंतरच्या तबकड्या ऐकल्या तर जाणवते की, त्यांनी रागाचा मोठा पट कापून लहान केला नाही. लहान पटच वेगळा विणला. पहिल्या स्वरापासून ते रागाच्या मध्यभागी उभे असतात. ही उपज होती की योजना? दोन्ही असावे. आधी घरी शंभरदा गाऊन जे नको ते गाळलेले, आणि यंत्रापुढे बसल्यावर त्यातले दोन-चार क्षण तरी ताजे. त्यांची झिंझोटीची तबकडी गदगमध्ये ऐकून एक शाळकरी मुलगा गाण्याने झपाटला आणि घर सोडून गेला, ही भीमसेन जोशींची हकिकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. खाँसाहेबांच्या पायाशी बसून जे शेकडो शागिर्दांना मिळाले नाही, ते त्या मुलाला तीन मिनिटांत मिळाले. उस्तादांच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्यांच्या दृष्टीने तबकडी ही केवढी मोठी मोकळीक होती, हे आपण विसरता कामा नये. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमल कोईल स्थानकावर खाँसाहेबांचे देहावसान झाले. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या वेळी तिथे आजही गवई हजेरी लावतात.

मिरजेपासून जवळच कुरुंदवाड. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ, ज्यांना 'भूगंधर्व' म्हणत, तिथे १९२२ मध्ये वारले. विष्णुपंत छत्रे यांनी या विमनस्क, नशेत बुडालेल्या गवयाला सांभाळले आणि आपल्या सर्कशीबरोबर मुलुखभर नेले. ऐन बहराचा काळ असाच गेला, आणि अगदी अखेरीस त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. त्यांत थकलेला पण उंच, निखळ आवाज ऐकू येतो. तरुणपणी तो कसा असेल याची कल्पना करत बसावे.

अल्लादिया खाँ यांची गोष्ट निराळी. त्यांनी यंत्राला गळा दिलाच नाही. १८५५ मध्ये जयपूरजवळ उनियारा येथे जन्मलेले हे खाँसाहेब तरुणपणी आमलेटा संस्थानात असताना अतिश्रमाने आवाज गमावून बसले. पूर्वीचा आवाज परत आला नाही, तेव्हा जो आवाज उरला त्याच्यासाठी त्यांनी नवी गायकी घडवली. वाकडी, घाटदार, लयीच्या अंगाने चढत जाणारी तान, जोडराग, न तुटणारा दम. घरात एकट्याने बसून, मोडलेल्या गळ्याने, नवे शोधत राहण्याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही. शाहू महाराजांनी त्यांना १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारी आणले. कोल्हापूर आणि मुंबई येथे त्यांनी पन्नास वर्षे काढली आणि १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गौहर जान यांची तबकडी निघाली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे तबकडीच्या युगातच त्यांची सगळी परिपक्व वर्षे गेली आणि तरी त्यांचा एक स्वरही कुठे मुद्रित नाही.

का दिला नाही? कोणी म्हणतात, चोरीची भीती. कोणी म्हणतात, तीन मिनिटांचा तिटकारा. मला दुसरे कारण अधिक पटते. ज्या गायकीत आवर्तनामागून आवर्तन एकाच श्वासाच्या तर्काने पुढे सरकते, ती साडेतीन मिनिटांत कापणे म्हणजे वाक्याचा अर्धा शब्द छापणे होय. आणि न देणारे ते एकटेच नव्हते. त्यांच्याकडेही शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. पण भास्करबुवांबद्दल आपण हळहळतो आणि अल्लादिया खाँ यांच्याबद्दल 'विद्या लपवली' म्हणतो. हा दुजाभाव लिहिणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही.

लपवली म्हणावे तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांना दिली ती काय होती? आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपल्या आठवणी नातू अजीजुद्दीन खाँ यांना सांगितल्या, नातवाने त्या उर्दूत लिहून घेतल्या, आणि २००० साली त्या इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. यंत्राला जे नाकारले ते नातवाच्या लेखणीला दिले. केसरबाईंची भैरवीची एक साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोन्याच्या मुलाम्याच्या ध्वनिमुद्रिकेसाठी निवडली गेली. ज्या खाँसाहेबांचा आवाज पृथ्वीवर कुठेही सापडत नाही, त्यांची तालीम सूर्यमालेपलीकडे गेली आहे.

अब्दुल करीम खाँ यांचे आप्त अब्दुल वहीद खाँ यांनीही तबकड्या दिल्या नाहीत. त्यांना ऐकायला कमी येई. रागाची संथ, स्वरास्वराने वाढत जाणारी बढत ही त्यांची देणगी. अमीर खाँ यांच्यावर त्यांचा केवढा परिणाम झाला ते सर्वश्रुत आहे. १९४९ मध्ये ते वारले. त्यांचे आज जे थोडेसे ऐकायला मिळते, दरबारी, मुलतानी, पटदीप, ते १९४७ च्या सुमारास रेडिओवर झालेल्या गायनाचे मुद्रण आहे. खाँसाहेब मुद्रणासाठी गायला बसले नव्हते. रेडिओसाठी गात होते, आणि बाजूला यंत्र चालू होते. त्यांना विचारले असते तर बहुधा नाही म्हणाले असते. मग ते मुद्रण चोरी म्हणायचे की उपकार? ऐकताना मी उपकार म्हणतो. त्यांच्या वारसांच्या जागी बसून पाहिले तर शब्द इतका सहज ओठांवर येत नाही.

हाच प्रश्न पुढे घराघरांत आला. जर्मनीत १९३५ मध्ये चुंबकीय फितीचे यंत्र लोकांसमोर आले, आणि युद्धानंतर ते जगभर पसरले. १९५० नंतर मुंबई-पुणे-कलकत्त्याच्या रसिक धनिकांच्या दिवाणखान्यांत मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर दिसू लागले. सात इंची चकतीवर बाराशे फूट फीत बसे. सेकंदाला पावणेचार इंच वेगाने ती चालवली तर एका बाजूला चौसष्ट मिनिटे. तीन मिनिटांवरून एकदम चौसष्ट! आता सबंध ख्याल मावू लागला. आणखी महत्त्वाचे म्हणजे कंपनी नाही, तांबडा दिवा नाही, वेळेचा धाक नाही. खाँसाहेब तक्क्याला टेकून पान चघळत बोलताहेत, मध्येच एखादी जागा गाऊन दाखवताहेत, 'असे नव्हे, असे' म्हणून पुन्हा गाताहेत, मागून चहाच्या कपांचा आवाज येतो आहे. अमीर खाँ यांचे कंपनीने १९६० मध्ये काढलेले मारवा आणि दरबारी थोर आहेतच. पण त्यांच्या खासगी बैठकांच्या ज्या फिती रसिकांच्या हातोहात फिरल्या, त्यांत ते विचार करताना ऐकू येतात. मिठाई आणि कढई यांतला फरक आहे तो. १९६३ मध्ये फिलिप्सने लहान कॅसेट काढली आणि १९८० पर्यंत ती आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली. मग तर शागिर्दाच्या पिशवीत वही असावी तशी कॅसेट असू लागली.

पण फीत कोणाची? यंत्र यजमानाचे, फीत यजमानाची, म्हणून आवाजही यजमानाचा, असे धरून चालण्याची रीत पडली. कायदाही तसाच होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रण करणाराकडे होता. गाणाऱ्याला गाणारा म्हणून स्वतंत्र हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, पंचवीस वर्षांपुरता. १९९९ मध्ये ती मुदत पन्नास वर्षे झाली. २०१२ मध्ये कलाकाराचे नाव लावण्याचा आणि गाण्याची मोडतोड रोखण्याचा हक्क मिळाला. बडे गुलाम अली खाँ १९६८ मध्ये हैदराबादला गेले, अमीर खाँ १९७४ मध्ये कलकत्त्यात मोटार अपघातात. त्यांच्या हयातीत यांपैकी काहीही नव्हते. त्यांच्या बैठकांच्या फिती पुढे विकाऊ कॅसेटी आणि तबकड्या होऊन बाजारात आल्या. खाँसाहेब यंत्राकडे संशयाने पाहत, याची टिंगल करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

एवढे बाहेरच्यांविषयी झाले. आता थोडे घरातले. या फिती जपल्या कोणी? पुष्कळशा पारशी, गुजराती, बंगाली, महाराष्ट्रीय ब्राह्मण रसिकांच्या घरांतून मिळाल्या. १९६९ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे एनसीपीए, १९७७ मधली कलकत्त्याची संगीत रिसर्च अकादमी यांच्या संग्रहांत अशा रसिकांच्या ठेव्याची भर पडली. आपल्या मराठी मुसलमान घरांतून काय आले? फार थोडे. आपल्याकडे गाणे म्हणजे एक तर गुन्हा किंवा कव्वालीपुरती सवलत. मिरज-कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ज्यांचे आजे-पणजे सारंगी, तबला, तंबोरा यांवर जगले, त्यांची नातवंडे ती गोष्ट लग्नाच्या बोलणीत चार लोकांपुढे सांगत नाहीत. मिरजेत शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, हत्यारांचा धंदा बसल्यावर तंबोरे घडवायला घेतले, आणि फरीदसाहेबांपासून चालत आलेल्या त्या कसबाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. ती वाचून आपल्या किती घरांत आनंद झाला, कोण जाणे. संगीत जायज की नाजायज हा वाद उलेमांचा आहे, तो त्यांनी करावा. पण ज्यांनी एवढे निर्माण केले ते आपले होते, हे सांगायला फतव्याची गरज पडू नये.

आता पुन्हा त्या लहान खोलीतल्या तरुणाकडे. त्याच्या फोनवर तंबोरा वाजतो, तबलाही वाजतो. तो तासन्‌तास गळा किंवा पेटी मोकळी सोडतो आणि हवे ते पकडतो. गेल्या काही वर्षांत संगीताच्या काही संगणकीय आज्ञावल्यांत एक गमतीची सोय आली आहे. मुद्रणाचे बटण दाबायला विसरलात तरी आत्ताच पट्ट्यांवर वाजवलेले यंत्राने गुपचूप लक्षात ठेवलेले असते. नंतर मागितले की ते देते. मागे तंबोरा धरून बसलेल्या शागिर्दाचे हेच काम होते. फरक एवढाच की शागिर्द कोणती जागा ठेवायची आणि कोणती सोडायची ते ठरवत असे, आणि यंत्र सगळेच ठेवते. परिणामी तरुणाच्या संगणकात शेकडो तासांची उपज पडून असते आणि ती ऐकायला त्यालाच सवड नसते. अनेक तरुण वादक मग वहीकडे परत येतात: तारीख, राग, कितव्या मिनिटाला काय सापडले, एवढीच नोंद. मौलाबक्षांना हे पाहून बरे वाटले असते.

जुन्या फितींचे मात्र वय होत चालले आहे. अॅसिटेटच्या जुन्या फिती कुजू लागल्या की त्यांना सिरक्यासारखा आंबट वास येतो; कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते; १९७० नंतरच्या काही फितींवरचा थर चिकट होऊन यंत्रावर सुटून येतो. अशी फीत उत्सुकतेपोटी एकदा तरी वाजवून पाहू म्हणून लावली, तर तेच तिचे शेवटचे वाजणे ठरू शकते. ती आधी जाणकाराच्या हाती द्यावी लागते. आणि खोक्याच्या आत बहुधा एक चिठ्ठी असते, उर्दूत लिहिलेली: कोण गायले, कोणाच्या घरी, कोणता राग, सारंगीवर कोण. घरात ती वाचू शकणारे आता एखादे दादाजान किंवा नानीच उरलेले असतात. फीत दुरुस्त व्हायला महिने लागले तरी चालेल, ती चिठ्ठी मात्र याच ईदला त्यांच्याकडून वाचवून देवनागरीत उतरवून घेता येईल.